घरटी एक माणूस

देवापुढे सगळी घरं समान आहेत. पेडण्यातल्या आमच्या गावात हे तत्त्व दर वर्षी भातकापणीनंतर, व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, बांध घालताना अमलात येतं. घरटी एक माणूस. ज्या घरातून कोणी येत नाही, त्याची पाण्याची पाळी त्या हंगामापुरती जाते.

भाटकारांच्या, म्हणजे गावातल्या मोठ्या बागायतदारांच्या घरातूनही एकच माणूस लागतो. बांधाचा पाट आधी त्यांच्या माडांतून फिरतो आणि मग उरलेल्या गावाकडे वळतो. माझ्या शेजारणीचा मळा पाटाच्या अगदी टोकाला. मिरचीचे वाफे, थोडी तांबडी भाजी. गेल्या वर्षी काजूच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही म्हणून ती बांधावर आली नाही, आणि मिरची उभी वाळली. तत्त्व पाळलं गेलं.

यंदा देवळातल्या सभेत मी सुचवलं की माणसं घराप्रमाणे नव्हे, जमिनीप्रमाणे मागावीत. ज्याची बागायत जास्त पाणी पिते, त्याने जास्त हात द्यावेत. पगारदाराचा कर पगार हातात येण्याआधीच कापला जातो. बागायत मात्र बापाकडून मुलाकडे जाताना तिला कोणी काही विचारत नाही. संपत्तीवरचा कर दिल्लीत येईल तेव्हा येईल, आपण व्हाळापासून सुरुवात करू. माझेही थोडे माड आहेत, माझ्या घरातून दोघांना यावं लागेल, हेही सांगितलं. टाळ्या पडल्या नाहीत.

भाटकार शांतपणे उठले. "असो कायदो केल्यात तर मी सगळा घेवन दोडामार्गात जातलंय."

दोडामार्ग म्हणजे हद्दीपलीकडे, महाराष्ट्रात. सभेत चिंता पसरली. मागून शेजारीण म्हणाली, "माड खांद्यार मारून न्हेतल्यात काय, भाटकारांनू?"

लोक हसले. मग हात वर करायला सांगितलं. ज्यांचे हात भाटकारांच्या बागायतीत कामाला होते, ते खालीच राहिले. पुढच्या वर्षी विचार करू, असं ठरलं.

बांधाच्या दिवशी भाटकारांनी सगळ्यांसाठी उंडे पाव आणि पातळभाजी पाठवली, आणि घरटी एक माणूस म्हणून आपला ड्रायव्हर. ड्रायव्हर हा शेजारणीचा मुलगा. त्याला गुडघाभर पाण्यात दगड लावताना पाहून ती कारखान्याची वाट धरायला निघाली. देवळाच्या अध्यक्षांनी तिला थांबवलं.

"तुझ्या घरचो कोण, गो?"

"ह्यो काय, माझो झील!"

"तो भाटकारांच्या घरचो."

"जेवता माझ्या घरात!"

"पगार त्येंचो घेता मा?"

गेल्या वर्षीची मिरची तिच्या लक्षात होती. तिने लुगडं खोचलं आणि मुलाच्या शेजारी पाण्यात उतरली. कारखान्यात तिचा खाडा लागला. मायलेकांनी एकाच ओळीत दगड लावले. एक भाटकारांच्या घरचा, एक तिच्या. अध्यक्षांनी समाधानाने मान हलवली. दोन घरं, दोन माणसं.

संध्याकाळपर्यंत पाट भरून वाहू लागला. शेजारणीची पाळी यायला अजून अवकाश होता. तिचा मुलगा भाटकारांच्या अंगणात गाडी धूत होता. पाणी पाटाचंच होतं.