फेरिटिन नॉर्मल आहे

मे महिन्यातला सोमवार. बिडकीनजवळच्या कंपनीतली दवाखान्याची खोली. हजर: कंपनीचे डॉक्टर, सिस्टर, सुपरवायझर, पॅकिंग लाइनवरच्या दोघी आणि मी.

मी बसून करायचं काम मागत होते. मोठ्या आतड्याला सूज, व्रण, अधूनमधून रक्त पडायचं. लाइनवर उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. हिमोग्लोबिन कमी, पण ते म्हणे सगळ्याच बायांचं असतं. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, नॉर्मल.

मेंढरू मलूल झालं की आमच्या मेंढपाळांत आधी त्याची पापणी खाली ओढतात. आतून लाल नसली तर रक्त आटलं. माझी आई माणसांचीही तशीच बघते. मी तेच सांगितलं. "आईनं पापणी पाहिली, सर. पांढरीफट हाय म्हणती."

"मग कळपातच राहायचं ना. इथं आम्ही माणसं तपासतो."

सगळे हसले. मलाही हसावं लागलं. फाइलवर शेरा पडला: कामात टाळाटाळ. दुसऱ्या दिवसापासून लाइनवर माझं नाव मेंढरू.

दुष्काळाचं वर्ष. सुटल्यावर टँकरची रांग. त्या रांगेतच मी पडले.

सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला. म्हणाल्या, "आतड्याला सूज असली की फेरिटिन फुगून दिसतं, ताई. एकट्या त्या आकड्यावर जायचं नसतं." त्यांनी सूज मोजायला सीआरपी केली. रक्तातून खरोखर किती लोह वाहतंय, ते पाहायला ट्रान्सफरिन सॅच्युरेशन. सूज भरपूर, लोह तळाला. मग सलाइनमधून लोह दिलं.

ते कागद घेऊन परत त्याच खोलीत गेले. डॉक्टरांनी वाचले. माणुसकी म्हणून बसायचं काम देतो म्हणाले. सुपरवायझर कानाशी पुटपुटला, "भेटलं ना अक्का, घे अन् चल."

मी हलले नाही.

"माणुसकी नको, सर. शेरा खोडा. अन् कळपाचं जे बोललात, ते ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच मागं घ्या."

डॉक्टर उठून जेवायला गेले.

बसायचं काम मात्र मिळालं, आता तेच करते. ही कंपनी उभी आहे त्या माळावर माझ्या बापाची मेंढरं चरायची. त्याची लाज मला कधी नव्हती. ती त्या खोलीत मला लावू पाहिली, मी लावून घेतली नाही.

शेरा खोडा म्हणून लेखी अर्ज दिला आहे. विचारलं की बघू म्हणतात. लाइनवर आतड्याच्या दुखण्याची आणखी एक पोरगी आहे, तिलाही फेरिटिन नॉर्मल सांगून परत पाठवलंय. सुट्टी टाकून तिला मॅडमकडं नेणार आहे.

शेरा अजून तसाच आहे. तो खोडल्याशिवाय मी ही नोकरी सोडणार नाही.