साहेबांची विश्रांती

त्या उन्हाळ्यात नाशिकरोडला काविळीची साथ आली. साथीने भेदभाव मात्र केला नाही. माझी आई ज्या बंगल्यावर धुणीभांडी करायची, तिथल्या साहेबांना आणि आईला तिने एकाच आठवड्यात गाठलं.

साहेबांना तपासायला डॉक्टर बंगल्यावर आले. त्यांनी संपूर्ण विश्रांती सांगितली. निघताना आईचे पिवळे डोळे दिसले, तेव्हा तिलाही तेच सांगितलं. असा समान न्याय मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

पण साहेबांच्या विश्रांतीला फार राबावं लागायचं. भेटायला येणारे निफाडची द्राक्षं आणायचे. ती धुवायची, पाहुण्यांचे कप विसळायचे, रोजच्या रोज चादरी पिळायच्या, हे सगळं आईकडे. त्यात तिला आजारी पडायला सवडच मिळेना.

"चार दिवस जाऊ नको," मी म्हणायचे.

"नाय गेले तर दुसरी ठेवतील," ती म्हणायची.

बाईसाहेब संसर्गाला फार जपायच्या. आईचा कप वेगळा ठेवायचं त्यांच्या मनात आलं, पण तो पहिल्यापासूनच वेगळा होता. आमच्या जातीची खबरदारी त्यांनी साथीच्या कितीतरी आधी घेतली होती.

साहेब टुणटुणीत होऊन ऑफिसला जाऊ लागले. आई पावसाळ्याआधीच गेली.

बाईसाहेब आमच्या वस्तीत आल्या आणि दाराबाहेरूनच हळहळल्या, "गुणी होती हो. शेवटपर्यंत एक खाडा केला नाही."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू कधीपासून येतेस?"