मनमाडवर थांबलेलं विमान

आमचे अण्णा गेले तेव्हा त्यांचं विमान मनमाडच्या वर हवेत होतं.

विमान कॉम्प्युटरवरचं, हे सांगायला हवं. अण्णांनी ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्य काढलं, पण हिशेब खात्यात. (विमानाच्या सर्वांत जवळ ते जात ते जेवणाच्या सुट्टीत, खिडकीपाशी.) निवृत्त झाल्यावर मी त्यांना विमान उडवायचा खेळ आणून दिला. त्यांनी त्यातलं सर्वांत जुनं, पंख्यांचं विमान निवडलं आणि त्यातला नकाशाचा पडदा मला काढून टाकायला लावला. "त्या काळी हे नव्हतं." उरला रेडिओ कंपास, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्राकडे बोट दाखवणारी एक सुई. तिच्या भरवशावर अण्णा नागपूरहून रमतगमत घरी यायचे आणि आई शेजारी बसून लसूण सोलायची.

त्या दिवशी "दोन घास खाऊन येतो" म्हणून विमान थांबवून उठले. हात धुता धुताच गेले.

आईने कॉम्प्युटर बंद करू दिला नाही. "पडेल ते," म्हणायची. पडत नाही हे मी समजावलं, मग समजावणं सोडलं.

दहाव्याला गोदेकाठी पिंड ठेवला. कावळे होते, पण एकही शिवेना. काकांनी, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाने, आश्वासनांचा सपाटा लावला. "वहिनीला सांभाळू. नातीचं लग्न थाटात करू." कावळे ढिम्म! ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघू लागले. शेवटी मीच हात जोडले. "अण्णा, तुमचं विमान मी ओझरला उतरवतो."

कावळा आला.

तेराव्याची जेवणं झाल्यावर सगळं गणगोत कॉम्प्युटरभोवती जमलं. मी विमान चालू केलं आणि आवाज वाढवायला म्हणून एक बटण फिरवलं. ते आवाजाचं नव्हतं, केंद्र बदलायचं होतं. सुई वळली, मीही तिच्यामागे वळलो. बराच वेळ सगळे कौतुकाने बघत होते.

"हा देवगिरीचा किल्ला ना रे?" काकांनी विचारलं. "तू चाललास कुठे?"

"सुई म्हणेल तिकडे."

"अरे, ती संभाजीनगरला घेऊन चालली तुला."

मावशी म्हणाली, "लावा की तो नकाशा. गेलेल्या माणसाला काय कळतंय?"

"मला कळेल," आई म्हणाली.

मग खुर्ची ओढून ती माझ्याशेजारी बसली. मी बटण फिरवत राहिलो, ती डोळे मिटून प्रत्येक केंद्राचा वेगळा टुकटुक आवाज ऐकत राहिली. "हा नाही. हाही नाही... हं, हा. हा आला की ते गुणगुणायला लागायचे." माझ्या डोळ्यांपुढची सुई धूसर झाली, विमान तिरकं झालं आणि काका घाबरून सोफ्याला धरून बसले.

अखेर ओझरची धावपट्टी दिसली.

"उतरवू नकोस," आई म्हणाली.

"अगं, कावळ्याला शब्द दिलाय."

"कावळ्याचं मी बघते. उतरवलंस की संपलं ना रे सगळं?"

मी विमान तिथेच हवेत थांबवलं आणि लहान मुलासारखा रडलो. काकांनी पाठीवरून हात फिरवला.

आईच्या एका शब्दासाठी मी हातातोंडाशी आलेलं विमान सोडून दिलं, असं नातेवाईक अजून चारचौघांत कौतुकाने सांगतात. मला विमान उतरवता येत नाही, हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.