अकरा हजार आठशे किलोमीटर

विमान-तिकिटांच्या त्या दुकानात तिला सगळे ‘अंतरताई’ म्हणत. कुठल्याही दोन शहरांची नावं घ्या, मधलं हवाई अंतर ती स्क्रीनकडे न बघता सांगायची. एखादा विचारायचा, “सरळ जायचं सोडून विमान उत्तरेला वळसा का घेतं हो?” मग ती गोल पेपरवेटवर दोरा ताणून दाखवायची. “नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाही. हाच जवळचा रस्ता.” स्वतः मात्र ती विमानात कधी बसली नव्हती.

धाकटी बहीण राहायची अकरा हजार आठशे किलोमीटरवर. घरी बाबा. एकेकाळी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आता त्यांना स्वतःच्या घराचा मजला आठवत नसे. दिवसभर शेजारच्या काकू बघायच्या. पण सहाला ती दारात दिसली नाही, की बाबा आतून दार बडवायला लागत.

एक दिवस बहिणीचा फोन आला. “गाठ निघालीय. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. येतेस का गं?”

व्हिसा झाला, तिकीट निघालं. काकू म्हणाल्या, “तीन आठवडे मी सांभाळते. बिनधास्त जा.”

निघायच्या सकाळी पासपोर्ट गायब. कपाटं, गाद्या, डबे, सगळं पालथं घातलं. खाली टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. शेवटी बाबांच्या स्वेटरखाली चौकोनी कोपरा दिसला. पोटाशी धरून बसले होते.

“बाबा, द्या तो.”

“तू गेलीस तर मी कुठे राहू?”

“इथेच. घर तुमचंच आहे.”

“मग तू कशाला चाललीस?”

“घे ओढून आणि नीघ,” काकू म्हणाल्या. “अजून वेळ आहे.”

तिने बाबांचं मनगट धरलं. ते हमसून हमसून रडायला लागले. तिचा हात आपोआप सुटला. टॅक्सी तिने परत पाठवली.

बहिणीला तिने सांगितलं, “व्हिसाचा घोळ झाला.”

“अगं, व्हिसाचा फोटो तूच पाठवला होतास ना मला?”

ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण ते कळलं मेहुण्यांच्या मेसेजवरून. बहिणीने सात महिने फोन केला नाही.

पुढच्या वर्षी बहीणच आली, पंधरा दिवसांसाठी. बाबांनी तिला नर्स समजून आपली नाडी पुढे केली. दोन दिवस बहिणीने सगळं पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने ताईच्या हातात पर्स दिली. “बाहेर जा. सातच्या आत आलीस तर दार उघडणार नाही.”

अंतरताई बसस्टॉपवर जाऊन बसली. चार बस आल्या, गेल्या. कुठे जायचं, हेच तिला सुचेना. पाचलाच तिने बेल वाजवली. बहिणीने दार उघडलं आणि आत जाऊन चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी अंतरताई पुन्हा बाहेर पडली. त्या दिवशी साडेचारलाच परतली.