फॉर्मवरचं दुसरं नाव

गाईच्या कासेला संसर्ग झाला, की धार काढायच्या मशीनच्या नळीतली माझी पट्टी निळी पडायची. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत मी त्या पट्टीवर चार वर्षं घालवली. अप्पर हटहून ट्रेनने जाता-येताना डोक्यात तीच असायची. माझा बॉस इथलाच, किवी, भला माणूस. रजा मागितली की 'स्वीट ॲज', म्हणजे 'घे की बिनधास्त', म्हणायचा. पट्टीला मात्र त्याने कधी हात लावला नाही.

पेटंटच्या फॉर्मवर 'शोधक' असा रकाना आला आणि माझ्यातली पुण्याची विद्यार्थिनी जागी झाली. आमच्याकडे राबायचं आपण आणि नाव लावायचं सरांचं. न लावणारी शेफारलेली ठरते. मी माझ्या नावाखाली बॉसचं नाव लिहिलं आणि 'वरील माहिती खरी आहे' याखाली सही ठोकली.

तो अवघडला. "आर यू शुअर?"

"यू हेल्प्ड हीप्स!" मी म्हटलं, म्हणजे खूप मदत केलीस. पेटंट तसंही संस्थेचंच होणार होतं. एका नावाने कुणाचं काय बिघडणार?

पुढे सरकारचा पैसा आटला, आमचा विभाग बंद झाला. पेटंट सांभाळण्यात संस्थेला रस उरला नाही. पत्र आलं, शोधकांना हवं असेल तर हक्क त्यांच्या नावे करू, दोघांच्या सह्या मुदतीत पाठवा. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आनंदाने.

बॉस तोवर ऑकलंडच्या, धार काढायची मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत गेला होता. फोनवर त्याचा आवाज पडला. कंपनी त्याला सही करू देत नव्हती. "मी काहीच केलं नव्हतं, असं मी लिहून देऊ शकतो, म्हणजे तुझी एकटीची सही पुरेल," तो इंग्रजीत म्हणाला. "पण मग तू खोटी सही केली होतीस, असं होईल."

नवरा म्हणाला, "होऊ दे की! खरं सांगायला काय लाजायचं?"

त्याला काय जातंय बोलायला? मी दुसऱ्या प्रयोगशाळांत नोकरी शोधत होते, आणि खोटी माहिती देणारीला तिथे कोण उभं करणार? स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. रोज संस्थेला खरं काय ते लिहायला बसायचे, रोज न लिहिताच उठायचे. मुदत संपली. पेटंट रद्द झालं.

परवा एका नोकरीचा अर्ज भरला. त्यात पट्टीसमोर स्वतःच्या हाताने लिहिलं, सहशोधक.