भुऱ्याचा लंगोट आणि हुकलेली गरम कुंडं

निघालो होतो वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर. अंजूरहून रिक्षाने भिवंडी, तिथून वाड्याच्या एसटीने अंबाडी. कंटेनर आणि खड्डे धरून दोन तास हातात ठेवा, आणि पाठीमागची सीट टाळा. भिवंडी स्टँडवर वडापाव खात होतो, तेवढ्यात अंबाडीजवळच्या दिघाशीच्या मामीचा फोन. आधी घरी ये, भुऱ्याला डॉक्टरला दाखवायचंय.

भुऱ्या म्हणजे मामीचा पैदाशीचा बोकड. बाटलीने दूध पाजून वाढवलेला. आसपासच्या पाड्यांवरच्या शेळ्या त्याच्याकडेच येतात. पण हल्ली त्या उलटत होत्या, म्हणजे बोकड दाखवूनही तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर. मामाने व्यापाऱ्याला सांगून टाकलं होतं. तो त्याच दिवशी चार वाजता न्यायला येणार होता, कापायला.

दिघाशीला पोचलो, तर मामीने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली. मग आम्ही भुऱ्याला टेम्पोत चढवलं.

"नवरदेव कुठं चालला?" ड्रायव्हरने विचारलं.

"डॉक्टर सांगल, नवरदेव हाय का न्हाय ते," मामी म्हणाली.

भुऱ्याला माझ्या गुडघ्यांत धरलं तेव्हा ती दोरी दिसली. हिरवी, चकचकीत. बोकडाने अवेळी शेळीवर चढू नये म्हणून पोटाखाली कापडाचा लंगोट बांधतात. मामीची सुती दोरी सारखी तुटायची, म्हणून दिवाळीत मीच मित्राच्या लूमवरचं पॉलिस्टरचं सूत आणून, सहा पदरी पिळून, मागच्या पायांमधून घेऊन आवळलं होतं. तुटणार नाही, अशी वर फुशारकी. भुऱ्या तेव्हापासून भरला होता. दोरी तेवढीच होती.

अंबाडी नाक्यावर वज्रेश्वरीची रिक्षा उभी होती, एक सीट रिकामी. जाऊन बसावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

नाक्यापलीकडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लंगोट सोडला आणि अंडकोशाच्या मुळाशी बोट फिरवलं. केसांत दडलेला खोल वळ होता. डावीकडचं अंड त्यांनी मला चाचपायला लावलं. लहान, मऊ, उजव्यापेक्षा गार.

रक्त एकदम थांबलं असतं तर काही तासांत ओरडला असता, ते म्हणाले. इथे हळूहळू कमी झालं. रक्त कमी म्हणजे पोषण कमी, बीज थोडं आणि दुबळं. उडी मात्र तो जोरात मारतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. डावं गेलंच. उजवं कदाचित सावरेल. नवं बीज तयार व्हायला दोनेक महिने लागतात, तोवर शेळी दाखवू नका.

"बांधलं कुणी हे?"

मामी दोरीकडे बघत राहिली. "मी," मी म्हणालो.

चारला घरी व्यापारी आला. मामी दारात उभी राहिली आणि दोन महिन्यांनी ये म्हणाली. मामा भडकला. फुकटचा बोकड तोवर पोसायचा कुणी?

मामीने माझ्याकडे बोट केलं. "ह्यो. दर रैवारी चारा घेऊन येल."

मी, ज्याने कुठलीच नोकरी तीन महिन्यांवर टिकवली नाही, तो दर रविवारी न चुकता त्या रस्त्याने गेलो. वरचे खड्डे उगाच नाही सांगितले. डोळ्यांदेखत वळावर केस आले. डावं आणखी आक्रसलं. उजवं घट्ट वाटायचं, पण ते मनाचं असेल म्हणून कुणाला बोललो नाही. दोन महिन्यांनी पहिली शेळी दाखवली. मग पुन्हा तीन आठवडे वाट.

काल अंजूरला घरी बसून त्या हिरव्या दोरीचा तुकडा ओढून बघत होतो. अजून तुटत नाही. फोन वाजला.

"शेळी उलटली न्हाय," मामी म्हणाली.

मग मीच विचारलं, आता रविवारी येऊ का नको?

"ये की. आन सुती दोरी आन."