रॉइस कधी बसला नव्हता

गुरुवारी इस्त्री तापली की अर्नेस्टीन पर्डी सगळ्यात आधी रॉइसची बंडी घ्यायची. बाकीचे कपडे मागाहून. बिनबाह्यांची नारिंगी बंडी ती, छातीवर कॉलेजचा शिक्का. शनिवारी गावात अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की तीच घालून रॉइस मैदानाच्या कडेला साखळी धरून उभा राहायचा, आणि बायकोच्या हातची इस्त्री नसेल तर आपल्या पोरांचा चेंडू पुढे सरकत नाही अशी त्याची पक्की समजूत होती.

"देवावर भरवसा ठेव की," ती म्हणायची.

"ठेवतोय ना. पण देवाला तरी चुरगळलेली बंडी कशाला दाखवायची?"

त्या उन्हाळ्यात करोनाने रॉइसला नेलं. सप्टेंबर लागला, आणि गुरुवारी सकाळी अर्नेस्टीनने इस्त्री तापवली, बंडी पसरली, पुढून-मागून सरळ केली, हँगरला अडकवली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की ही घालणारं आता कोणी नाही. ध्यानात आलं तरी आत काही हललं नाही. तिने इस्त्री थंड व्हायला ठेवली आणि वाल सोलायला बसली.

कॅलोवे स्प्रिंग्जमध्ये माणूस कुठल्या चर्चला जातो हे नंतर विचारतात. आधी विचारतात, शनिवारी मैदानात बसतो कुठं. पर्डी कुठंच बसत नसत. रॉइसच्या बापाने साखळी धरली, बापानंतर रॉइसने. दोन काठ्या आणि त्यांच्यामध्ये दहा यार्डांची साखळी. चार प्रयत्नांत चेंडू तेवढा पुढे गेला की नाही हे डोळ्यांनी ठरेना, तर पंच हात करतो, साखळीवाले धावत आत जातात, साखळी ताणतात, आणि सगळं गाव श्वास रोखून बघतं: चेंडूचं नाक काठीच्या पुढं की मागं. एरवी रॉइस शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा, पण गावाला तो ठाऊक होता पुढच्या काठीचा म्हणून. आणि ती मिस अर्नेस्टीन म्हणून; त्या भागात लग्न झालेल्या थोरल्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात.

अर्नेस्टीनला खेळातलं फारसं कळायचं नाही. लग्न झाल्यापासून ती आपली काठीकडे बघत आली. काठी पुढं गेली की बरं चाललंय, तिथंच राहिली की नाही. एवढ्यावर तिचे सगळे शनिवार निभावले. घरी परतल्यावर तो पाय गरम पाण्यात सोडून बसायचा आणि ती लोखंडी तव्यातला मक्याचा पाव त्याच्या पुढ्यात ठेवायची. "आज मी कसा होतो?" तो विचारायचा. "सरळ उभा होतास," ती म्हणायची. दोघांचा तो ठरलेला विनोद होता.

इस्पितळात कोणाला आत सोडत नव्हते. ती बाहेर गाडीत बसलेली, फोन कानाला. आत नर्सने दुसरा फोन रॉइसच्या कानाशी धरलेला. प्रार्थना म्हणायची असं ठरवून ती गेली होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "परसातले टोमॅटो पिकलेत." मग पुढं बराच वेळ तिला काही सुचलं नाही, आणि नर्स म्हणाली, "मिस अर्नेस्टीन, ते गेले."

दफनाच्या वेळी माणसं लांब लांब उभी होती. कोणी कोणाला जवळ घेतलं नाही. घरी आल्यावर रडू येईल असं तिला वाटलं, म्हणून तिने नॅपकिन मांडीवर घेतला. आलं नाही. तिने नॅपकिनाची घडी परत ठेवून दिली. चर्चमधल्या बायका फोनवर म्हणत, "केवढी श्रद्धा गं तुझी." श्रद्धा वेगळी. हे मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो तसं होतं: पाय आपलाच, पण शेजाऱ्याचा वाटावा.

घरात आता ती आणि नातू जार्विस. आई-बापाचं फाटल्यापासून तो आजी-आजोबांकडेच वाढला होता. अंगाने दांडगा, स्वभावाने गाय. कॉलेजच्या संघात तो पुढच्या फळीत खेळायचा, जिथं चेंडू कधी हाती येत नाही, नुसतं समोरच्याला अंगावर घ्यायचं असतं. पाठीवर चौसष्ट आकडा. आजोबा गेल्यापासून तो आणि आजी एका टेबलाशी जेवत, आणि आजोबांच्या खुर्चीवर कोणी बसत नसे, तिच्याबद्दल कोणी बोलतही नसे.

त्याआधी ऑगस्टमध्येच आजूबाजूच्या कॉलेजांनी यंदा खेळणार नाही असं कळवून टाकलं. गावच्या टिलरी कॉलेजने कळवलं, आम्ही खेळणार. झालं, गावाची दोन शकलं झाली.

"ऐकलंस का?" शेजारची मेव्हिस लॉट कुंपणापलीकडून म्हणाली. मास्क तिने हनुवटीवर ओढला होता, बोलायला सोयीचा. "पोरं वर्गात बसली तर आजार पसरतो, म्हणून वर्ग कॉम्प्युटरवर. मैदानात एकमेकांच्या उरावर पडली तर पसरत नाही. या विषाणूलाही फुटबॉलचं वेड असणार."

"असेल."

"असेल काय असेल? आमचा क्लाइड म्हणतो, खेळायलाच पाहिजे, नाहीतर शनिवारी मला बायकोशी बोलत बसावं लागेल. तुझं काय म्हणणं?"

"वाल हवेत का तुला? जास्त सोलले गेलेत."

"बाई, मी वालाचं नाही विचारत."

"मला कळलं गं," अर्नेस्टीन म्हणाली. "माझ्याकडे वालच आहेत."

रविवारी प्रार्थना चर्चच्या आवारात व्हायची. माणसं आपापल्या गाडीत काचा लावून बसत, ब्रदर हॅस्केल ट्रकच्या मागच्या फळीवर उभे राहून माइकवर बोलत, आणि आमेन म्हणायच्या जागी हॉर्न वाजवायचा. त्या रविवारी ब्रदर म्हणाले, "हे प्रभू, मैदानात उतरणाऱ्या आमच्या लेकरांना सांभाळ." अर्ध्या गाड्यांनी हॉर्न वाजवला. अर्ध्या गप्प राहिल्या. एवढी गप्प आमेन त्या आवारात कधी झाली नव्हती. अर्नेस्टीनचा तळवा हॉर्नवर होता. तिने तो दाबलाही नाही आणि उचललाही नाही. शेजारच्या सीटवर बसलेल्या जार्विसने तो हात पाहिला.

कोच डनवेंनी मुलांना सांगून ठेवलं होतं: ज्याला खेळायचं नाही त्याने मोकळेपणाने सांगावं, त्याची जागा पुढच्या वर्षी त्याचीच. ज्याला खेळायचं आहे त्याने हॉस्टेलवर राहायला यायचं आणि हंगाम संपेपर्यंत घराचं तोंड पाहायचं नाही. अर्नेस्टीनला मधुमेह. तेव्हा जार्विसचा प्रश्न सरळ होता: खेळलो तर आजी घरात एकटी, न खेळलो तर मी घरात.

"आजी, तू सांग. मी काय करू?" त्याने जेवताना विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाहीये. तू सांग."

दुसऱ्या दिवशी कोच स्वतः आले. व्हरांड्याच्या पायऱ्यांखाली, अंगणात, टोपी हातात घेऊन उभे राहिले. मोठ्या गळ्याचा माणूस, मैदानाच्या एका टोकाला ओरडला तर दुसऱ्या टोकाचा पोरगा दचकायचा. आज त्यांचा आवाज मास्कमध्येच राहत होता.

"मिस अर्नेस्टीन, मी गळ घालायला नाही आलो."

"मग चहा घ्या." बर्फाचा गोड चहा तिने कठड्यावर ठेवला आणि मागं सरकली.

"तुमच्या घरात जे झालं त्यानंतर तुम्ही नको म्हणालात, तर गावात कोणी चकार शब्द काढणार नाही. मी काढू देणार नाही."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

कोचनी पेला उचलला, मास्क आहे हे आठवून परत ठेवला. "मला माहीत नाही, मिस अर्नेस्टीन. मला सगळे विचारतात आणि मी सगळ्यांना काहीतरी सांगतो. पण मला माहीत नाही."

त्या संध्याकाळी ती गुडघे टेकून पलंगाशी बसली. आयुष्यभर तिने कुठलीही गोष्ट देवापुढं मांडल्याशिवाय ठरवली नव्हती. पडद्याचं कापडसुद्धा नाही. आज शब्दच येईनात. गुडघे दुखायला लागले तशी ती उठली, जार्विसच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "जा तू." चहात साखर घालू का म्हटल्यावर 'घाल' म्हणावं, तसं. त्याने थोडा वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पलंगाखालून बॅग ओढली.

गावातल्या पहिल्या सामन्याला मैदानात चौथा हिस्साच माणसं सोडली होती. उरलेल्या जागा भुंड्या दिसू नयेत म्हणून हितचिंतक मंडळाने लोकांचे फोटो मागवून पुठ्ठ्याची माणसं करून खुर्च्यांवर बसवली होती. कोणी आपला फोटो दिला, कोणी कुत्र्याचा. अर्नेस्टीनने घरी टीव्ही लावला आणि सवयीने काठी शोधली. काठी एका किडकिडीत माणसाच्या हातात होती. त्याची बंडी चुरगळलेली होती.

मग कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला, आणि मधल्या रांगेत, सगळ्यात मानाच्या जागी, रॉइस बसला होता.

चर्चच्या फोटोतला, निळ्या सुटातला, हसरा. टीव्हीवरचा निवेदक गहिवरून सांगत होता, की रॉइस पर्डी यांना आज त्यांच्या लाडक्या मैदानात कायमची जागा मिळाली आहे. खिडकीबाहेरून मेव्हिसचा आवाज आला, "अर्नेस्टीन, पाहिलंस का? किती गोड केलंय गं. मी आणि क्लाइड दोघंही रडलो."

अर्नेस्टीन टीव्हीकडे बघत राहिली. तिसऱ्या सत्रात चेंडू काठीपाशीच अडला. पंचाने हात केला. साखळी आत आली, ताणली गेली. चौसष्ट आकडा कमरेवर हात ठेवून, धापा टाकत बाजूला उभा होता. आणि त्या सगळ्यांच्या मागं, उंचावर, रॉइस बसून हसत होता. साखळी ताणलेली असताना.

"तो बसलाय," ती घरातल्या घरात म्हणाली.

सोमवारी तिने इस्त्री केलेली बंडी हँगरसकट गाडीत टांगली आणि मैदानावर गेली. कोच फाटकाशीच भेटले. तिला पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"मिस अर्नेस्टीन, मी आत्ता तुम्हालाच फोन करणार होतो. जार्विसच्या खोलीतल्या मुलाची टेस्ट खराब आली. जार्विसची चांगली आहे. पण त्याला वेगळं ठेवलंय."

तिची नजर वर, मधल्या रांगेकडे गेली. ऐकलं की नाही असं कोचना वाटून गेलं.

"रॉइसला खाली आणा," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"तो तिथं कधी बसला नाही, कोच. तुम्ही इतकी वर्षं त्याला बघताय. तुम्ही सगळे चांगली माणसं. पण त्याला बसवला तुम्ही. त्याला खाली आणा आणि साखळीपाशी उभा करा."

कोच स्वतः वर चढून गेले आणि पुठ्ठा काखेत धरून उतरले. तिच्यापासून लांब उभे राहून त्यांनी तो कुंपणाला टेकवला. तो घसरला. पुन्हा टेकवला.

"याला उभं करता येणार नाही," ते हळूच म्हणाले. "छातीपर्यंतच आहे. याला पाय नाहीत, मिस अर्नेस्टीन."

दोघं त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले. रॉइस हसतच होता. अर्नेस्टीनच्या नाकातून हसण्यासारखं काहीतरी बाहेर पडलं. उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच. तिची तीच दचकली.

"मग मी घरी नेते," ती म्हणाली. "आणि ही बंडी त्या नव्या माणसाला द्या. त्याची चुरगळलेली होती."

हॉस्टेलच्या मागच्या बाजूला जाऊन तिने हाक मारली तेव्हा जार्विसने दुसऱ्या मजल्यावरून डोकं बाहेर काढलं.

"आजी? तू गाडी घेऊन आलीस? जेवलीस का?"

"मी विचारायचं ते तू विचारतोस." मान वर करून बोलताना तिचा आवाज नीट पोचत नव्हता, तिने मास्क खाली ओढला. "जार्विस, मी 'जा' म्हटलं होतं ना. ते मनापासून नव्हतं."

"माहितीय मला."

"मनात 'नको' होतं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा मनाचा पत्ताच नव्हता मला. आज सापडलं. अजूनही 'नको'च आहे. तुझ्या बाजूच्या पलंगापर्यंत आलंय ते दुखणं."

"तू 'ये' म्हणालीस तर येतो," तो म्हणाला. "वेगळं ठेवायचे दिवस संपले की बॅग भरतो. खरंच. पण आजी, घरात तू बोलत नव्हतीस. मीही नाही. नुसती ती खुर्ची. इथं निदान कोणीतरी माझ्यावर ओरडतं. मैदानात मी समोरच्याला ढकलतो तेवढा वेळ मला काहीतरी कळतं."

तिला ते समजलं. समजायला नको होतं असं तिला वाटलं, म्हणजे मग 'ये' म्हणणं सोपं गेलं असतं. हॉस्टेलमागच्या झाडाखाली ती उभी राहिली, आणि पलंगाशी जी प्रार्थना झाली नव्हती ती तिथं झाली, अगदी लहानशी, डोळे उघडे ठेवून.

"टेस्ट चांगली आली तर खेळ," ती म्हणाली. "मला आवडलेलं नाही, हे मात्र लक्षात ठेव. आणि रोज संध्याकाळी फोन करायचा. 'जेवलो, झोपतो' असला नाही. बोलायचं."

"आणि तू?"

"मीही बोलेन. आजोबांचं बोलेन."

त्याने खिडकीतून हात बाहेर काढला. तिने खालून हात वर केला. मध्ये सगळी भिंत होती.

पुठ्ठा तिने मागच्या सीटवर पालथा टाकला होता. चौकातल्या सिग्नलला थांबली तेव्हा तिने मागं वळून बघितलं, गाडी कडेला घेतली, उतरली, आणि त्याला उताणा केला.

जार्विस वेगळ्या खोलीतून बाहेर आला, त्यानंतरच्या शनिवारी मेव्हिस आपली खुर्ची घेऊन कुंपणापलीकडे बसली, टीव्हीचा आवाज ऐकू येईल अशी.

"आता तरी सांग, बाई. खेळायला हवं होतं का यांनी?"

"नाही," अर्नेस्टीन म्हणाली. "नव्हतं खेळायला हवं."

"मग टीव्ही कशाला लावलास?"

"माझा पोरगा आहे त्यात."

तेवढ्यात साखळी आत आली. चेंडू पोचला की नाही ते मेव्हिसने विचारलं, आणि अर्नेस्टीनला सांगता आलं नाही. ती काठीकडे बघतच नव्हती.